बेसिल आणि आमच्याकडचा गल्ला

पाथर्डीत 'हॉटेल' म्हटले की उतरण्याची जागा कोणाच्या मनात येत नाही. स्टँडासमोरची बाकडी, कढईतली भजी, काचेच्या ग्लासातला चहा आणि गल्ल्यावर बसलेला मालक, एवढ्याला आम्ही हॉटेल म्हणतो. त्यामुळे 'फॉल्टी टॉवर्स' पाहताना टॉर्की हे समुद्रकाठचे गाव परके वाटले, पण बेसिल फॉल्टी अजिबात परका वाटला नाही.

जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेल्या या मालिकेचे १९७५ आणि १९७९ मध्ये सहा-सहा, असे अवघे १२ भाग बीबीसीने दाखवले. बेसिलमागे एक खरा माणूस होता. १९७० मध्ये 'मॉन्टी पायथन'ची मंडळी टॉर्कीच्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली होती. तिथले मालक डोनाल्ड सिंक्लेअर यांनी टेरी गिलियमला त्याच्या काटा-सुरी वापरण्याच्या अमेरिकी पद्धतीवरून भर जेवणात सुनावले. बाकीची बहुतेक मंडळी कंटाळून दुसरीकडे गेली. क्लीज मात्र राहिला आणि पाहत राहिला.

उर्मटपणावर हसणे मराठी वाचकाला नवे नाही. पुणेरी पाट्या आपण कौतुकाने एकमेकांना वाचून दाखवतो. पु. ल. देशपांड्यांनी तर पुणेकर होऊ पाहणाऱ्याला गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष करण्याचा धडाच घालून दिला. पण या दोन हसण्यांत फरक आहे. पाटी लावणारा सगळ्यांना सारखेच तोडतो, निदान तसा त्याचा डौल असतो. बेसिल माणूस पाहून तोडतो. पहिल्याच भागात लॉर्ड मेलबरी आले म्हणताच तो जेवायला बसलेल्या एका कुटुंबाला खिडकीजवळच्या टेबलावरून उठवतो. रांगड्या लंडनी बोलीतल्या डॅनी ब्राउनला तो तुच्छ लेखतो. अखेर लॉर्ड भामटा निघतो आणि ब्राउन पोलीस. बेसिलचा उर्मटपणा हा असा हिशेब आहे, आणि तो सतत चुकतो म्हणून आपण हसतो.

हा हिशेब मी गावात जवळून पाहिला आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेली कुटुंबे स्टँडावर गाडीची वाट पाहत. एका हॉटेलात त्यांना बाकड्यावर बसू देत नसत; चहा बाहेर, उभ्यानेच. कुणी साहेब आला की तोच मालक स्वतः उठून फडक्याने बाकडे पुसी. त्याच्या तोंडाळपणाचे किस्से गावात रंगवून सांगितले जात. सांगणारे सगळे बाकड्यावर बसणारे होते.

बेसिलच्या हॉटेलातही बार्सिलोनाहून आलेला मॅन्युएल आहे. गिऱ्हाईक रागावून निघून जाऊ शकते. टपल्या खाणारा हा वेटर कुठे जाणार? त्याच्या वाट्याला आलेल्या मारावर हसताना मन थोडे अडखळते. तरी मालिकेने बेसिलला प्रत्येक वेळी तोंडघशी पाडले आहे. आमच्या गल्ल्यासमोर एकही साहेब भामटा निघाला नाही आणि मालकाचा हिशेब कधी चुकला नाही. म्हणून त्याचे किस्से पुष्कळ झाले, प्रहसन मात्र झाले नाही.