रोलच्या शेवटचे फोटो

फिल्मवरच्या फोटोंना 'आत्मा' असतो असं म्हणणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. पण आमच्या घरातले खरे फोटो फिल्मवरच आहेत, हेही नाकारता येत नाही.

घरी याशिका एमएफ-2 होता. फोकस ठरलेला, त्यामुळे फिरवायला काही नाही. खटका दाबायचा, एवढंच. 36 चा रोल गणपतीत घातला की बारसं, सत्यनारायण करत महिनोन्महिने चालायचा. शेवटी तीन-चार फोटो उरायचे आणि बाबा म्हणायचे, संपवून टाका, धुवायला द्यायचाय. मग काहीही काढलं जायचं. स्कूटरवरची मांजर, वाळत घातलेल्या गोधड्या. आईचे पैठणीतले फोटो भरपूर आहेत, सगळ्यांत ती सारखीच ताठ. पोळी लाटताना वैतागून मागे वळलेली आई एकाच फोटोत आहे, आणि तो रोल संपवायला काढलेला. ती जाऊन आता बारा वर्षं झाली.

भाची सध्या तोच याशिका मागते आहे, आजोबांचे रोजचे फोटो काढायला. उन्हात मी तिला देईनही. खिडकीतून प्रखर उजेड आला तर डिजिटलमध्ये तो भाग पांढराफट होतो आणि परत मिळत नाही. कलर निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच सोसते. पण बाबा आता 84 चे. दिवसभर आतल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली. उन्हासाठी बनवलेली फिल्म तिथे हिरवट पडते, आणि फ्लॅश मारला की ते डोळे मिटतात. मोबाइलला तिथे सगळं दिसतं. शिवाय आमच्या भागात आता रोल धुणारं कुणी नाही. कुरियरने पाठवायचा, आणि परत येतात ते स्कॅन. म्हणजे शेवटी बघायचं मोबाइलवरच!

कोडॅकच्या स्टीव्ह सॅसनने 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात मी बाबांचे वीस काढते आणि एकही बघत नाही. माझी तक्रार आहे ती याबद्दल. फिल्मने निवड करायला लावली असं म्हणतात. आमच्याकडे तरी तसं नव्हतं, नाहीतर आईचा तो फोटो निघालाच नसता. फिल्मने एवढंच केलं की काढलेलं सगळं कागदावर आणलं, फसलेलं धरून.

म्हणून मोबाइलच. महिन्याच्या शेवटी 36 फोटो दुकानात देते, 4 बाय 6 च्या कॉप्या. फार निवडत नाही. बाबांना स्क्रीनवर बोट सरकवणं जमत नाही, कॉप्या मात्र ते पत्त्यांसारख्या धरतात, मागे बॉलपेनने तारीख घालतात. हल्ली वर्ष चुकतं. फाइलमध्ये बरोबर तारीख आहेच, त्यामुळे मी त्यांची खोडत नाही.