कॅपो पहिला, काळी एक

कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलमध्ये तीन गोष्टी हमखास सापडतात. कुणाचा तरी हरवलेला ड्राफ्टर, कुणाच्या तरी घरून आलेल्या चिवड्याचा रिकामा डबा आणि पाच तारांची गिटार! सहावी तार मागच्या गॅदरिंगला तुटलेली असते आणि पुढच्या गॅदरिंगपर्यंत ती बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. गिटारचा मूळ मालक पास होऊन कधीच नोकरीला लागलेला असतो.

या गिटारवर मुलं काय वाजवतात? बहुतेक जण गाण्याची सुरुवात वाजवतात. फक्त सुरुवात. ती संपली की "आणि पुढे असंच..." म्हणून गिटार दुसऱ्याच्या हातात देतात. काही जण पूर्ण गाणं वाजवतात, पण मग गायला दुसरा कुणीतरी लागतो. एकाच माणसाने एकाच वेळी गायचं आणि वाजवायचं, हा प्रकार आमच्या मजल्यावर तरी दुर्मिळ होता. गेलं वर्षभर मी त्याच्या मागे लागलो होतो. एम-थ्री, टीओएम आणि सबमिशनं सांभाळून, हे घरच्यांसाठी मुद्दाम नमूद करतो.

गाणं निवडलं ते बाबांचं. म्हणजे दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की पेटी काढून ते जे भावगीत गायचे, ते. दादऱ्यातलं, तीन कडव्यांचं. नाव मुद्दामच लिहीत नाही. तुमच्या घरी रविवारी जे गाणं ऐकू यायचं ते तिथे धरा. बाबा अरुण दाते यांचे भक्त. दाते मूळचे इंदूरचे आणि शिक्षणाने टेक्स्टाइल इंजिनिअर. कितीतरी वर्षं नोकरी सांभाळून ते गात राहिले. मी इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली तेव्हा बाबांनी पेढ्याबरोबर ही माहितीही सगळ्यांना वाटली होती.

पहिले दोन महिने बोटांचे. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण साधारण ७० किलोच्या आसपास जातो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या लाकडाला लोंबकळतोय असं समजा. त्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबायच्या. बोटं आधी लाल होतात, मग सोलतात, मग निबर होतात. सी, ए मायनर, जी हे कॉर्ड जमले. एफने मात्र रडवलं. एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या असतात आणि त्यातली एक तरी 'टप्प' अशी मेल्यासारखी वाजतेच. रूममेटने या काळात नवे हेडफोन विकत घेतले. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही काही विचारलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. हाताला गाणं येत होतं, गळ्याला गाणं येत होतं, पण दोघांना एकत्र आणलं की दोघंही सगळं विसरायचे!

कारण असं, की दादरा सहा मात्रांचा. धा धीं ना, धा तीं ना. पहिल्या मात्रेला अंगठ्याने खर्जाची तार, दुसरी-तिसरी बारीक तारांवर हलका हात, चौथीला पुन्हा खर्ज, पाचवी-सहावी पुन्हा हलकी. हात असा चरक्यासारखा फिरत राहायला हवा. पण आमच्या गाण्याचा मुखडा समेवर सुरूच होत नाही. सम जाऊ देऊन दोन मात्रांनी पहिला शब्द येतो, पुढे एक अक्षर लांबतं, दोन अक्षरं घाईने येतात. आणि तोंडातून अक्षर निघालं की हाताला वाटतं, हे आपल्यासाठीच! शब्द जसा पडेल तसा तो तारांवर पडतो. तीन ओळींत दादऱ्याचा पार खुर्दा.

यावर जो उपाय मला लागू पडला तो सांगतो, कुणाच्या कामी आला तर बरं. आधी हाताला बिनडोक करायचं. मेट्रोनोम ६० वर ठेवून नुसता दादरा वाजवायचा आणि वाजवता वाजवता रूममेटशी गप्पा मारायच्या. मेसच्या भाजीवर सविस्तर मत देताना हात चुकत नाही असं झालं की पहिली पायरी पार. मग ओळी गायच्या नाहीत, नुसत्या बोलायच्या. बातम्या वाचतात तशा, पण तालात. तिसरं म्हणजे प्रत्येक ओळीतलं समेवर येणारं एकच अक्षर पकडायचं आणि वहीत त्याला गोल करायचा. कॉर्ड बहुतेक वेळा तिथेच बदलतो. बाकीची अक्षरं कुठेही जाऊ देत, त्या गोलात हात आणि गळा भेटले की झालं. मला मुखड्याला तीन आठवडे लागले. पहिला अंतरा चार दिवसांत आला. दुसरा तर कधी आला ते कळलंच नाही.

आता राहिली पट्टी. मी ज्या व्हिडिओवरून कॉर्ड घेतले तो गडी ई मध्ये, म्हणजे पांढरी तीनमध्ये गात होता. अंतऱ्याच्या वरच्या जागेला माझा आवाज चिरकायचा. शेजारच्या खोलीतून दाद यायची, पण ती वेगळ्या प्रकारची. मग कॅपो आणला. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेला लावायचा चिमटा. तो एक फ्रेट वर सरकवला की सगळ्या तारा अर्ध्या सुराने चढतात. फ्रेटची आखणी हा आपल्या अभ्यासक्रमात यावा असा विषय आहे. दर फ्रेटला कंपनसंख्या दोनाच्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९५ ने गुणली जाते. तार ६५० मिलिमीटरची असेल तर पहिला फ्रेट साधारण ३६.५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्ये, ३२५ वर. तिथे सा दुप्पट होतो. करून बघत बघत मी सीचे आकार आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर इथे येऊन थांबलो. आवाज मोकळा लागला.

त्या रात्री घरी फोन केला आणि मुखडा ऐकवला. आई म्हणाली, "जेवलास का?" बाबांनी विचारलं, "पट्टी कुठली घेतलीस?"

"सी शेप, कॅपो पहिला."

"मराठीत सांग."

मी मोजलं. "काळी एक."

थोडा वेळ फोनवर काहीच आलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे माझीच."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी सेकंड इयरला असताना बाबांचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. आवाजाचे पडदे हलवणारी नस थायरॉईडला अगदी चिकटून जाते. ऑपरेशन चांगलं झालं, गाठ साधी निघाली, बाबा आठवड्यात घरी आले. पण आवाज घोगरा झाला. स्पीच थेरपीने बोलणं पुष्कळ सुधारलं. डॉक्टरांनी गायलाही ना केली नव्हती. फक्त वरच्या जागा लागेनात. दोन-तीन रविवार त्यांनी काळी एकमध्ये प्रयत्न केला. मग पेटीवर खोळ चढली ती चढलीच. आई एकदा म्हणाली, "थोडं खालून म्हणा ना." तर म्हणाले, "खालून म्हटलेलं ते गाणं नव्हे." त्यांच्या लेखी तीस वर्षं काळी एकमध्ये गायलेलं गाणं म्हणजे काळी एकमधलंच गाणं. त्यानंतर आमच्या घरी रविवारी सकाळी रेडिओ लागायला लागला.

मी दिवाळीच्या सुट्टीत गिटार घेऊन घरी गेलो. पाडव्याच्या दुपारी बाबांसमोर पूर्ण गाणं म्हटलं. तिसऱ्या कडव्यात एक शब्द ते ओठांत म्हणत होते. मला दिसलं, पण मी बघितलं नाही असं केलं. गाणं संपल्यावर मी कॅपो दुसऱ्या फ्रेटवर नेला, जीचे आकार धरले आणि नुसता दादरा धरून ठेवला. म्हणजे पांढरी सहा, खालची. काळी एकपासून चार घरं खाली.

बाबांच्या लगेच लक्षात आलं. "हे काय, उतरवलंस कशाला?"

मी म्हटलं, "बाबा, काळी एकचा सा १३८.६ हर्ट्झ, त्याचा पंचम २०७.७. खालच्या पांढऱ्या सहाचा सा ११०, पंचम १६४.८. भागून बघा. दोन्हीकडे १.४९८. गाणं त्या अंतरांत आहे. सा कुठेही नेला तरी अंतरं तीच राहतात."

बाबा बँकेत होते. आकडेमोडीपुढे ते सहसा वाद घालत नाहीत. चष्मा काढून त्यांनी खरंच मोबाईलवर भागाकार केला! मी हात फिरवतच ठेवला होता. गप्पा मारता मारता दादरा न चुकवण्याची ती प्रॅक्टिस अशी कामी येईल हे मेसच्या भाजीला नावं ठेवताना कुठे माहीत होतं?

चार-पाच आवर्तनं तशीच गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात करंज्यांचा डबा. मग सम गेली, दोन मात्रा गेल्या, आणि बाबांनी मुखडा उचलला.

आवाज घोगराच होता. श्वास दोनदा तुटला. पण अंतऱ्याची वरची जागा लागली आणि तिथे ते पूर्वी जशी छोटी मुरकी घ्यायचे तशीच आली. मला कॉर्ड बदलायचं भान नव्हतं. हात आपोआप बदलत होता.

गेल्या रविवारी घरून फोन आला. पेटी बाहेर निघाली आहे, पण नवीनच भानगड झाली आहे. पांढरी सहाची बोटं वेगळी. काळी एकमध्ये पाच काळ्या पट्ट्यांची सवय, इथे तीनच. "अरे, अंगठा कुठे वळवायचा तेच कळेना झालंय. तीस वर्षांची बोटं ऐकत नाहीत," बाबा वैतागून सांगत होते.

मी अत्यंत अनुभवी आवाजात म्हटलं, "मेट्रोनोम ६० वर ठेवा, आणि वाजवता वाजवता आईशी गप्पा मारा. तीन आठवडे लागतील."

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)