गाडीत न्यायचं विणकाम

प्रवासात विणायला काय घ्यावं, हे नक्षी बघून ठरवू नये. काम मध्येच खाली ठेवता येतं का, ते आधी बघावं. कंडक्टर पुढ्यात येऊन उभा राहतो, शेजारणीचं मूल मांडीवर चढतं, कराड आलं म्हणून कुणीतरी हलवतं. अशा वेळी ओळ अर्धी असो की पुरी, सुया मिटून पिशवीत टाकता आल्या पाहिजेत. पुन्हा काढल्यावर आपण कुठं होतो हे कामाकडं बघूनच कळलं पाहिजे. ओळी मोजत टाके ओलांडायची वेलबुट्टी घरी, पंख्याखाली बसून करावी.

कोल्हापुरात विणकाम शिकवताना मला हटकून येणारा प्रश्न म्हणजे, "बाई, पुण्याला लेकीकडं चाललोय, संगट काय घिऊ?" आपल्याकडं थंडी ती केवढी! स्वेटरचा हट्ट फारसा कुणी धरत नाही. विणलं जातं ते बाळंतविड्यासाठी: टोपडं, मोजे, दुपटं. माझं उत्तर ठरलेलं, कोपऱ्यापासून वाढत जाणारं दुपटं. 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुया घ्या (आपल्या बाजारात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक). 4 टाके घालून एक ओळ सुलट विणा. मग प्रत्येक ओळीला 2 सुलट, दोरा सुईवरून घेऊन एक टाका वाढवायचा, उरलेले सगळे सुलट. उलट टाका नाहीच. कडेला जाळीची रांग आपोआप पडत जाते, आणि दर ओळीला तेच करायचं असल्यामुळं विसरायला काही उरत नाही. हवी तेवढी रुंदी झाली की 1 सुलट, 2 एकत्र, दोरा वरून, 2 एकत्र, उरलेले सुलट, असं घटवत यायचं. लोकर पुरेल की नाही अशी धाकधूक असेल तर ती आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी आणि निम्मी संपायच्या थोडं आधीच वळावं. सुई मात्र गोल घ्या. लांब सुयांची टोकं शेजारच्याच्या बरगडीत जातात.

आणि हे 4 टाके घरीच घालायचे. नवं काम गाडीत सुरू करण्याची हौस भल्याभल्यांना असते, पण लोकरीला सुई जाड पडतेय हे साताऱ्याच्या पुढं कळून काय उपयोग? बोटभर विणून, हातानं ताणून बघून मगच पिशवी भरावी. भरतकाम असेल तर छाप घरी काढावा, रंग घरी ठरवावेत.

कसुतीला छाप लागत नाही, कापडाचे धागे मोजून सुई घालायची, म्हणून ती प्रवासाला सोयीची असं वाटतं. इरकलीवर शोभते ती हीच, पलीकडच्या धारवाड भागातली. पण तिच्यातला गवंती टाका जाताना एक घर सोडून एक भरायचा आणि परतताना सुटलेली घरं भरायची असतात. गाठ चालत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. मध्येच उठलात तर परतीची वाट कुठून, हे शोधण्यात वेळ जातो. फलाटावर गाडीची वाट बघताना ठीक. आंबा घाटात अजिबात नको.

क्रोशाचं तसं नाही. सुयांवर शंभर टाके जिवंत असतात, क्रोशात एकच. तो लांब ओढून सेफ्टी पिन अडकवली की काम संपलं. त्यातही चौकोन उत्तम: एक झाला की बाजूला, दुसरा सुरू. 2016 मध्ये चेन्नईत 11,148.5 चौरस मीटरच्या क्रोशाच्या पांघरुणाचा गिनेस विक्रम झाला, तोही बायकांनी आपापल्या ठिकाणी विणलेले 40 इंची चौकोन जोडूनच. एवढं मोठं काम एका मांडीवर मावलं असतं थोडंच!

आपली वाकळही याच हिशेबात बसते. अख्खी वाकळ कुणी गाडीत नेत नाही. जुन्या लुगड्यांचे थर अंगणात पसरून, सुरकुती काढून, कडेनं धावदोरा घालत आत आत यायचं, ते घरचंच काम. पण वरची ठिगळं आधी जोडून घ्यायची असतील तर ती कुठंही जोडता येतात. चार-चार तुकड्यांची गड्डी करून प्रत्येक गड्डीला टाचणी लावली की एका बैठकीला एक गड्डी. सुरुवात करणारीला मी लोकरीऐवजी बऱ्याचदा हेच देते. साधन एक सुई, एक रीळ, आणि धावदोरा तर शाळेत शिकलेला असतोच.

दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला तर गुंता होतो आणि दर टाक्याला कोपर बाजूच्याला लागतं. चार सुया आधीच ओवून पुठ्ठ्याला खोचून ठेवाव्यात, चालत्या एसटीत सुई ओवण्याचा प्रयत्न करू नये. पडलेली सुई तर लगेच शोधा. तुम्ही नाही शोधली तर ती पुढच्या प्रवाशाला सापडते.