टीव्हीचा मेनू बदलला तेव्हा

2016 च्या पावसाळ्यात मी घरच्या टीव्हीला रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक जोडला. आमचं गाव मंगरुळपीर तालुक्यात. केबलचा भरवसा नव्हता आणि व्हीसीडी प्लेअर बंद पडला होता. जुने मराठी पिक्चर कपाटात धूळ खात होते. गावच्या सप्ताहातली कीर्तनं मी मोबाइलवर घेतलेली, ती मेमरी कार्डात अडकली होती. हे सगळं एका हार्ड डिस्कवर घ्यायचं आणि टीव्हीवर लावायचं, एवढाच विचार होता.

पायवर लिब्रेइलेक टाकलं. हौशी मंडळी आपला वेळ देऊन चालवतात, अशी ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. ओपनइलेक नावाच्या अशाच आधीच्या सिस्टिममधली बरीचशी मंडळी 2016 मध्ये बाहेर पडली आणि त्यांनी ही सुरू केली. यंत्र चालू झालं की कोडी उघडायचं, एवढंच तिचं काम. कोडी म्हणजे टीव्हीवर पिक्चर-गाणी लावणारं सॉफ्टवेअर, आधीचं एक्सबीएमसी. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी हौशी लोकांनी लिहिलेलं, 2014 मध्ये नाव बदललेलं. पैसे कशाचेच लागत नाहीत.

सुरुवातीला त्रास झाला तो विजेचा. मोबाइलच्या चार्जरवर पाय चालायचा, पण हार्ड डिस्क जोडली की पडद्याच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण यायची आणि मधेच सगळं बंद. ती खूण म्हणजे वीज कमी पडते आहे. चांगला अडीच अँपिअरचा अडॅप्टर आणला आणि हार्ड डिस्कसाठी वेगळी वीज घेणारा यूएसबी हब घेतला. मग ती खूण दिसली नाही.

रिमोट वेगळा घ्यावा लागला नाही. बऱ्याच टीव्हींत सीईसी नावाची सोय असते, ती चालू केली की टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतं. कंपन्या तिला आपापली नावं देतात. सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये नुसतं सीईसी शोधाल तर सापडेलच असं नाही.

आजीला मी रिमोट शिकवला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. दोनदा उजवीकडे, ओके, एकदा खाली, ओके, की कीर्तनांची यादी. पडद्याकडे न बघता ती हे करायची. जपमाळ ओढावी तसा तिचा अंगठा चालायचा. बाबांचंही तसंच. 'पिंजरा' कितव्या ओळीवर आहे ते त्यांना पाठ होतं.

2017 च्या फेब्रुवारीत कोडीची सतरावी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत लिब्रेइलेक 8. घरचं सगळं नीट चालू होतं. पण मला नवीन पाहायची हौस. मोबाइलच्या नेटवर फाइल उतरवून घेतली, नेटवर्कवरून पायच्या 'अपडेट' फोल्डरमध्ये टाकली आणि पाय बंद करून चालू केला. काम तसं सोपं झालं.

पण पडदा उघडला तो ओळखू येईना. 2009 च्या अखेरीपासून कोडीचा मूळ चेहरा कॉन्फ्लुएन्स नावाचा होता. त्यात मेनू मधल्या पट्टीवर आडवा. आता त्याजागी एस्च्युअरी आलं. मेनू डाव्या बाजूला उभा आणि बाकीच्या पडद्यावर मोठमोठी पोस्टरं. दिसायला देखणं. मी खूश होतो.

संध्याकाळी आजी बसली. दोनदा उजवीकडे दाबलं, ओके दाबलं. भलतंच काही उघडलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग रिमोट माझ्याकडे धरून म्हणाली, "माहं कीर्तन कुठी गेलं रे?"

बाबा शेतातून आले. बराच वेळ नुसते बघत राहिले. "चांगलं चालू होतं, ते कायले बदललं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यातून कोडीने फाइलींच्या नावांवरून नेटवरची पोस्टरं आणली होती आणि 1972 च्या 'पिंजरा'ला 2003 च्या हिंदी 'पिंजर'चं पोस्टर लावलं होतं. आधी पोस्टर लहान दिसायचं, कोणी बघत नव्हतं. आता ते अर्धा पडदा व्यापत होतं. शांतारामबापूंच्या पिक्चरवर भलताच चेहरा पाहून बाबा जास्तच चिडले.

शेजारचे काका आले, त्यांनी विचारलं, "टीव्ही नवा घेतला काय?" त्यांना आवडलं. पुतण्याला तर फारच आवडलं.

त्यानेच पुढचा घोळ केला. कोडीच्या संग्रहात एखादा विभाग रिकामा असला की एस्च्युअरी तिथे इंग्रजीत सूचना दाखवतं आणि खाली दोन बटणं देतं. एक फाइलींकडे नेणारं, दुसरं तो विभागच मेनूतून काढून टाकणारं. पोरानं दुसरं दाबलं. मग आणखी दोन-तीन ठिकाणी दाबलं. सकाळी मला फोन आला तेव्हा मी वाशिमला पाटणी चौकात होतो. "अर्धा मेनू गायब झाला," बाबा सांगत होते. फोनवर काय समजावणार? माझा आवाज चढला, हे खरं.

तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका. काहीही पुसलं गेलेलं नसतं. सेटिंग्जमध्ये इंटरफेस, तिथे स्किन, तिथे 'कॉन्फिगर स्किन'. मेनूतल्या प्रत्येक विभागाचं बटण तिथे आहे, ते चालू केलं की विभाग परत येतो.

त्या रात्री मी जुनं कॉन्फ्लुएन्स परत बसवलं. कोडीच्या अधिकृत भांडारात ते ठेवलेलं होतं, वेगळं उतरवून घेता येत होतं. घर शांत झालं. मी मात्र हिरमुसलो होतो. एवढा खटाटोप केला आणि कोणाला त्याचं काहीच नाही.

पण आजीचं एक बोलणं डोक्यात राहिलं होतं. नवा मेनू असताना ती म्हणाली होती, "ते फोटो मोठे दिसत होते, ते बरे होते." कीर्तनांच्या फोल्डरांना मी देवनागरी नावं देऊन पाहिली होती, पण पडद्यावर वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर येत नव्हती. म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत होती. आजीला त्यांचा उपयोग शून्य.

मग असं केलं. प्रत्येक कीर्तनकाराच्या फोल्डरमध्ये त्याच बुवांचा फोटो 'फोल्डर डॉट जेपीजी' या नावाने ठेवला. कोडी तोच फोटो फोल्डरवर दाखवतं. मग एस्च्युअरी पुन्हा लावलं. मेनूतून हवामान, रेडिओ, टीव्ही, सगळं काढलं. फक्त व्हिडिओ आणि फेव्हरिट्स ठेवले. कीर्तनांची फोल्डरं फेव्हरिट्समध्ये टाकली. टीव्हीच्या रिमोटवर त्यासाठीचं बटण जमलं नाही, म्हणून मोबाइलवर कोरे नावाचं कोडीचं रिमोट अ‍ॅप घेतलं आणि त्यावरून केलं. पिक्चरच्या फाइलींना नावापुढे कंसात साल लिहिलं. 'पिंजरा'पुढे 1972 लिहिल्यावर योग्य पोस्टर आलं.

आजी आता यादीत खाली जाते आणि बुवांचा चेहरा दिसला की ओके दाबते. एकदा मला म्हणाली, "हे महाराज लय बारीक झाले." फोटो जुना होता.

बाबांचं मन काही वळलं नाही. बघतात सगळं, पण आडवा मेनू बरा होता असं अधूनमधून ऐकवतात.

आमच्याकडे लाइट जाते, आणि अचानक वीज गेली की मेमरी कार्ड खराब व्हायची भीती असते. म्हणून लिब्रेइलेकच्या सेटिंग्जमधून बॅकअप घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवतो. कार्ड गेलं तरी फेव्हरिट्स आणि मेनू पुन्हा जुळवत बसावं लागत नाही.

2019 च्या जानेवारीअखेर कोडीची अठरावी आवृत्ती आली. या खेपेला आधी बाबांना विचारलं. "तुरीचं निघू दे, मंग पाहू," म्हणाले. तूर घरात आल्यावर बॅकअप घेतला आणि नवी आवृत्ती टाकली. मेनू एस्च्युअरीचाच राहिला होता. घरात कोणी काही विचारलं नाही.