जन्माआधी बारसं

मागच्या सबमिशनची गोष्ट. रात्रीचा दीड. रूमवर चौघं जण एकाच जर्नलवर तुटून पडलेलो, तेवढ्यात दादाचा फोटो आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, मिशिगनला असतो. तिकडे दुपार होती. "हे खरं की खोटं सांग. उद्या ॲडव्हान्स देतोय."

दादाला १९६९ ची शेव्हर्ले कॅमॅरो झी-२८ घ्यायची होती. गंमत अशी, की त्या वर्षीच्या चेसिस नंबरवरून गाडी व्ही-८ आहे एवढंच कळतं, झी-२८ आहे की नाही ते कळत नाही. पट्टे आणि बॅज काय, कुणीही चिकटवेल! म्हणून लोक इंजिनाकडे धावतात. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट पट्टी असते, तिच्यावर अक्षरं ठोकलेली असतात.

फोटोत होतं : व्ही ०४१२ डीझेड. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, १२ एप्रिलला जुळणी, आणि डीझेड म्हणजे झी-२८ चं ३०२ क्युबिक इंचांचं इंजिन. शेजारी १९एन आणि सहा आकडे. शेव्हर्ले, १९६९, ओहायोतला नॉरवुड प्लांट, आणि पुढे गाडीचा स्वतःचा क्रमांक. चेसिसशी पडताळला, तंतोतंत! मी लगेच लिहिलं, "घेऊन टाक दादा."

आणि मग जर्नलचं पान उलटलं. प्रॅक्टिकल क्रमांक ४, सरफेस रफनेस. तिथे मीच काढलेली 'ले'ची आकृती, म्हणजे हत्याराच्या खुणा कुठल्या दिशेने जातात ती. पोटात गोळाच आला. कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोच करायचे, त्यामुळे पुढून मागे जाणाऱ्या बारीक सरळ रेघा दिसायला हव्यात. फोटो मोठा करून पाहिला, तर रेघा गोलाकार! म्हणजे नंतर कुणीतरी फिरत्या कटरने पट्टी साफ केली होती. मूळ अक्षरं तेव्हाच चिपांबरोबर गेली असणार. आता तसं करणं हा काही गुन्हा नाही. ब्लॉक वाकडा झाला की मशीनिंग करावंच लागतं. पण त्यावर पुन्हा जुनी तारीख ठोकायची?

काही उस्ताद सरळ रेघासुद्धा ओढतात म्हणे. म्हणून दादाला ब्लॉकच्या मागच्या बाजूची, बेलहाउसिंगजवळची कास्टिंगची तारीख बघायला पाठवलं. बिचारा आरसा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटला. अर्ध्या तासाने उत्तर आलं : डी २८ ९.

डी म्हणजे चौथा महिना. २८ एप्रिल. वर्षाचा एकच आकडा असतो, त्यामुळे ९ म्हणजे १९६९, किंवा १९७९ सुद्धा. काहीही धरा, २८ तारखेला ओतलेला ब्लॉक १२ तारखेला जुळवला कसा? जन्माआधी बारसं!

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीन वर्षं साठवत होतो रे." विकणारा म्हणे, मलाही अस्सल म्हणूनच मिळाली. खरंही असेल. दादाने गाडी सोडली. माझ्या पहिल्या मेसेजबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, ते जास्त लागलं.

"अरे, चौथ्याची तारीख काय टाकू?" पार्टनरने विचारलं. मी माझ्या पानावरची वाचून दाखवली. त्या मशीनला मी हातही लावला नव्हता, रीडिंग्ज शेजारच्या रूममधली. पार्टनरने मोबाईलवर कॅलेंडर उघडलं.

"येड्या, रविवार आहे तो."