पण हेच का?

डिझाइन रिव्ह्यू म्हटलं की पूर्वी आमच्याकडे भांडण ठरलेलं. एक जण म्हणणार क्यू टाका, दुसरा म्हणणार कशाला, डेटाबेसमधे एक टेबल पुरतं की. तास-दीड तास बोर्डावर चौकोन आणि बाण, चहा गार, आणि शेवटी कुणीतरी वैतागून "बरं बाबा, तुझं खरं".

आता तसं होत नाही. प्रत्येक जण एआयने लिहिलेलं आठ पानी डॉक्युमेंट घेऊनच येतो. तीन पर्याय, फायद्या-तोट्यांचा तक्ता, शेवटी शिफारस. सगळं इतकं गुळगुळीत की भांडायला जागाच नाही. वीस मिनिटांत मीटिंग खलास!

वेळ वाचतो, हे खरंच. मीही रोज वापरतो, आणि मला कधी सुचला नसता असा पर्याय बरेचदा तिथून मिळतो. पण मागे एका रिव्ह्यूत टीममधल्या नवीन मुलीने विचारलं, "पण हेच का?" आणि आम्ही सहाही जण स्क्रीनकडे बघायला लागलो. उत्तर डॉक्युमेंटमधे होतं, डोक्यात कोणाच्याच नव्हतं.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मधे यावर एक निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं असं की प्रोग्राम म्हणजे नुसता कोड नव्हे, तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज. कागदपत्रांत ती पूर्ण उतरत नाही. ती टीम पांगली की कोड चालत राहतो, पण प्रोग्राम मेलेला असतो. बदल करायची वेळ आली की ते कळतं.

पुढे २०११ मधे मायकेल नायगार्डने सुचवलं की प्रत्येक मोठ्या निर्णयाची एक-दोन पानी नोंद ठेवा. परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे बरेवाईट परिणाम काय. आम्हीही ठेवतो. गंमत म्हणजे आता तीही एआयच लिहितं. म्हणजे निर्णय व्हायच्या आधीच नोंद तयार!

त्या भांडणात काय व्हायचं? "क्यूमधून एकच मेसेज दोनदा आला तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातील," असं एखादा सीनियर ओरडून सांगायचा, कारण त्यासाठी तो कधीतरी रात्री दोनला उठलेला असायचा. ऐकणारे ते जन्मभर विसरत नसत. तक्त्यात तेच "जोखीम: मध्यम" म्हणून येतं आणि आपण खाली सरकतो. नवीन मुलं मग शिकणार कुठून?

सध्या आम्ही एक साधा नियम केलाय. डॉक्युमेंट आधी वाचून यायचं, मीटिंगला लॅपटॉप बंद. ज्याने आणलं त्याने बोर्डावर काढून दाखवायचं आणि बाकीचे पर्याय का सोडले ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. एकाने मुद्दाम विरुद्ध बाजू घ्यायची. आणि निर्णयाखाली एका माणसाचं नाव. रात्री फोन वाजला तर त्यालाच उठायचंय.

मीटिंगा लांबल्यात, मॅनेजर थोडा कुरकुरतो. असो. तुमच्याकडे "का?" चं उत्तर कोण देतं?