आप्पांचं ‘प्रेशर’

सांगली

चि. मुक्ता,


काल वहिनीचा फोन आला होता. स्थळ चांगलं आहे म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, ‘सोनोग्राफीचं लग्नानंतर बघू.’ तिच्यावर रागावू नकोस. दादाला स्वतःची किडनी दिलेली बाई आहे ती, तिची भीती मला कळते. पण यात मी तिच्या बाजूची नाही.

आपल्या कुलवृत्तांतात गोत्र, गाव, शिक्षण सगळं छापलंय. कोण कशानं गेलं, ते नाही. आप्पांना ‘प्रेशर’ होतं, मोठ्या काकांना ‘मुतखडा’, कोल्हापूरच्या आत्याबाई डोक्यात रक्तस्राव होऊन गेल्या. या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या असू शकतात, हे मला पन्नाशीत कळलं. तेही दादाला किडनी द्यायला निघाले तेव्हा. रक्तगट जुळला होता, मी खुशीत होते. सोनोग्राफी करणाऱ्या बाई बोलता बोलता गप्प झाल्या. माझ्याही दोन्ही किडन्या पाण्याच्या फोडांनी भरलेल्या! पॉलिसिस्टिक किडनी. मग वहिनी पुढे झाली.

आईला किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मुलगा-मुलगी हा भेद नाही. ‘एकाला झाला म्हणजे दुसरा सुटला’ हे काकूचं गणित साफ चूक आहे. तू आणि अमेय, दोघांचा कौल वेगवेगळा लागतो. बहुतेक घरांत दोष सोळाव्या गुणसूत्रावर असतो, थोड्यांत चौथ्या. चौथ्यावरचा जरा उशिरा त्रास देतो.

हा आजार लबाड आहे. क्रिएटिनिन वर्षानुवर्षं नॉर्मल येतं आणि आत दीडशे ग्रॅमची किडनी किलोभराची होत जाते. आधी बोलतो तो रक्तदाब. दादाचा एकोणतिसाव्या वर्षीच वाढलेला निघाला होता, ‘कामाचं टेन्शन’ म्हणून सोडून दिला. तेव्हापासून गोळी सुरू असती तर? हा प्रश्न मी त्याच्यासमोर कधी काढत नाही.

मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. टॉल्व्हॅप्टननं काहींची वाढ मंदावते, पण त्यात सारखी लघवी होते, लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात आणि खर्चही आहे. बीपी ताब्यात ठेवणं आणि मीठ कमी करणं मात्र कुणालाही जमतं. (पापड-लोणचं मी सोडलंय. लोणचं चोरून खाते, कबूल.)

तू सव्वीस वर्षांची आहेस. आत्ता सोनोग्राफी स्वच्छ आली, तरी सुटलो म्हणून पेढे वाटू नकोस. या वयात बारीक फोड निसटतात. पुन्हा कधी करायची, एमआरआय लागेल का, ते नेफ्रॉलॉजिस्टला विचार. आणि त्या मुलाला सांग. पत्रिकेत नाड बघायची आणि हे लपवायचं, हा कुठला न्याय?

गौरीजेवणाला सगळी भावकी येईल, तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. बीपीचं मशीन आणून ठेवलंय. काकू रुसेल, रुसू दे. तू दादाची जुनी फाइल घेऊन ये, त्यात त्याचा पहिला रिपोर्ट आहे.

तुझी,
आत्या

ता. क. डोकं दुखलं की पेनकिलर घेतेस ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय यापुढे एकही नको.